निवासी डॉक्टरांची निवड

एम.बी.बी.एस. व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केलेल्या पदवीधरांना एम.डी. किंवा एम.एस. या तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रवेश देण्याच्या प्रक्रियेस निवासी डॉक्टरांची निवड असे म्हणतात. अमेरिकेत या निवडीत मुलाखतीला मोठे महत्त्व आहे. भारतात मात्र ती सामान्यतः मुलाखतीविना, प्रवेश परीक्षेतील क्रमांकावरून होते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे ‘घाटी’ या नावाने परिचित असलेले रुग्णालय यांनाही हीच पद्धत लागू आहे.

पार्श्वभूमी

प्रवेशासाठीच्या मुलाखतीकडे भारतीय न्यायालयांनी सावधपणे पाहिले आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने एकूण १५० गुणांपैकी ५० गुण मुलाखतीसाठी ठेवले होते. उमेदवारांची तक्रार अशी होती, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली गेली आणि प्रश्न प्रामुख्याने पालक व निवासस्थान यांविषयीचे होते. अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब (१९८१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानी ठरवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थांनी आपली स्वतंत्र निवडपद्धत टिकवण्यासाठी न्यायालयात दीर्घ लढा दिला. २०१३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०१६ साली तो मागे घेतला गेला आणि २०२० साली खाजगी अल्पसंख्याक संस्थांनाही ‘नीट’ बंधनकारक असल्याचे स्पष्ट झाले.

प्रक्रिया

नीट-पीजी ही संगणकाधारित परीक्षा असून तीत साडेतीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उर्वरित जागा महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. परिणामी घाटीत परराज्यांतील पदवीधर येतात आणि घाटीचा विद्यार्थी दिल्ली वा चेन्नईला जाऊ शकतो. विषय व महाविद्यालय क्रमांक, आरक्षण आणि उमेदवाराने भरलेला पसंतीक्रम यांवर ठरते. रुग्णाशी बोलण्याची हातोटी किंवा एखाद्या विषयाची ओढ कोणी तपासत नाही. दुसरीकडे, ओळखदेखीचा लाभही येथे मिळत नाही, आणि ही पद्धत टिकून राहण्याचे ते महत्त्वाचे कारण मानता येईल. गुणांचे निकषही सर्वस्वी अढळ नाहीत: २०२३ मध्ये रिक्त जागांसाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाईलपर्यंत खाली आणण्यात आली होती.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय पदवीधरास तेथील परवाना परीक्षा व परदेशी पदवीधरांसाठीचे प्रमाणपत्र आवश्यक असते. सप्टेंबरमध्ये अर्ज केल्यावर साधारणतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात रुग्णालये निवडक उमेदवारांच्या मुलाखती घेतात. २०२० च्या महासाथीपासून त्या बहुधा दूरदृश्य पद्धतीने होतात. ‘हाच विषय का?’, ‘आपली एखादी चूक सांगा’ अशा प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. आजवर केवळ गुणांवर निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्याला स्वतःविषयी बोलण्याचा हा सराव नव्याने करावा लागतो. २०२२ पासून परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल दिला जातो. मुलाखतींनंतर उमेदवार व रुग्णालये आपापले पसंतीक्रम कळवतात, १९५२ पासून चालत आलेल्या ‘मॅच’ पद्धतीने त्यांची जुळणी होते आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी नेमणुकीचे ठिकाण कळते.