मावळची ओवी आणि पुणे शहर

ज्युबिलीच्या स्मरणिकेत मंदिराच्या इमारतीचा, घंटेचा, आजवरच्या धर्मगुरूंचा आणि उदार देणगीदारांचा वृत्तांत यावा, हे सर्वथा योग्य होय. तो भार इतर लेखकांनी उचलला आहे. आमच्या वाट्यास आलेली ही चार पाने आम्ही शहराच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या भोर व वेल्हे ह्या डोंगरी मुलुखाकडे वळवितो. हा मुलूख पुणेकरांच्या नित्य दृष्टीसमोर आहे. तथापि तेथील माणसांच्या कंठात पिढ्यान् पिढ्या जे धन राहिले, ते शहरास किती उशिरा आणि कोणत्या वाटेने दिसले, ह्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

मुलूख कसा आहे तो आधी पाहू. सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेस उतरणारी अरुंद खोरी, प्रत्येक खोऱ्यास एक नदी व एक जुने नाव: गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरे, कानद खोरे, वेळवंड खोरे, मोसे खोरे. ह्या खोऱ्यांच्या देशमुखांची नावे, कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, शिवकालाच्या प्रत्येक बखरीत व पत्रात वाचावयास मिळतात. पुढे हा बहुतेक प्रदेश पंतसचिवांच्या भोर संस्थानात गेला आणि संस्थान दिनांक ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिला. संस्थानाच्या तालुक्यांना नावे होती ती किल्ल्यांची. रोहिड्यावरून विचित्रगड, तोरण्यावरून प्रचंडगड, आणि राजगड तर राजगडच. सन २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव बदलून राजगड करण्यात आले, तेव्हा पुष्कळांस ती नवी गोष्ट वाटली. वस्तुतः जुन्या दप्तरातील एक नाव पुनः वर आले, एवढेच. आम्ही ह्या लेखात जुन्या सवयीने वेल्हे असेच म्हणणार आहोत.

किल्ला ही ह्या मुलुखाची शहरास पटलेली पहिली ओळख. दुसरी ओळख पाण्याची. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडील उसाच्या रानांत गेले. वेल्ह्याच्या बाजूस आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधले जात असता दिनांक १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले. खडकवासल्याची भिंतही त्या लोंढ्यापुढे टिकली नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसापासून पानशेत हा शब्द पुण्यात लहान मुलासही ठाऊक झाला. परंतु त्याच धरणाच्या पोटात ज्यांची शेते व घरे गेली, त्या गावांची नावे शहरात किती जणांस सांगता येतील?

येथील लोकांविषयी लिहिलेले पुष्कळ आहे. कॅप्टन मॅकिंटॉश ह्या इंग्रज अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांविषयी १८३७ च्या सुमारास विस्तृत टिपण लिहिले. मग १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर आले. वेलिंग यांनी १९३४ मध्ये कातकऱ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, घुर्ये यांनी १९५७ मध्ये महादेव कोळ्यांवर. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी ह्या डोंगरांतील गवळी धनगरांच्या राहणीचा अभ्यास केला, आणि गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी देवरायांच्या याद्या केल्या. हे सारे श्रम मोलाचे आहेत. परंतु त्यांत समाज दिसतो, चालीरीती दिसतात, झाडे दिसतात. गाणारी अमुक बाई, अमुक गावची, तिने अमुक म्हटले, असे मात्र क्वचितच आढळते.

आणि गाणे तर घरोघर होते. पहाटे, कोंबडा आरवण्याच्याही आधी, दोन बाया जात्याशी समोरासमोर बसत. एकीचा हात खुंट्यावर वर, दुसरीचा खाली. नाचणीची वा वरईची मूठ तोंडात पडे, पाळी फिरू लागे, आणि तिच्या घरघरीवर ओवी उठे. दळण सरेपर्यंत ती थांबत नसे. माहेरची वाट, भाऊ, सासूचे बोल, लेकाचे कौतुक, पंढरीचा विठोबा हे तिचे विषय होतेच. पण ह्या बाया सर्वांत जिव्हाळ्याने ज्या कथेकडे वळत ती सीतेच्या वनवासाची. रामाच्या पराक्रमापेक्षा टाकून दिलेल्या सीतेचे दुःख त्यांस अधिक जवळचे वाटे, आणि डोंगरात लाकूडफाट्यास हिंडणाऱ्या स्त्रीस वनवास हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. नवबौद्ध झालेल्या घरांत बाबासाहेब आंबेडकरांच्या ओव्या त्याच जात्यावर, त्याच चालीवर रचल्या गेल्या. गाणे जुने होते, पण बंद झालेले नव्हते.

ख्रिस्ती वाचकांस ओवी परकी नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले क्रिस्तपुराण रचावयास घेतले तेव्हा त्यांनी हाच छंद निवडला, आणि १६१६ साली तो ग्रंथ छापून बाहेर आला. विद्वान पाद्र्याची ती ग्रंथातील ओवी आणि निरक्षर बाईची ही जात्यावरची ओवी ह्यांच्या घडणीत अंतर आहे. परंतु कुळ एकच.

ह्या ओव्या कागदावर उतरविण्याचा उद्योग शहराने काही अगदीच केला नाही असे नव्हे. साने गुरुजींचा ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह मराठी वाचकांच्या घरात पोहोचला; सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांत ओव्या विषयवार लाविल्या आहेत: मायलेकी, बहीणभाऊ, सासरमाहेर. ही रीत वाचकास सोयीची असते. परंतु तिच्यामुळे असा समज रूढ झाला की ओवी ही कोणाचीच नसते, ती वाऱ्यावर उगवते. संताच्या अभंगास शेवटी नाममुद्रा असते. जनाबाईने दळिता-कांडिता रचले, तरी तिचे नाव चरणात राहिले. जात्यावरची बाई भावाचे नाव ओवीत गुंफते, लेकाचे गुंफते, सासरच्या गावाचेही गुंफते. स्वतःचे नाव ती सहसा घालीत नाही. म्हणून टिपून घेणाऱ्याने ते विचारून लिहिले नाही, तर ते कायमचे गेले.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत गी पॉइटवॅं यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. फ्रान्समध्ये १९३४ साली जन्मलेले, ख्रिस्ती ईश्वरशास्त्र व तत्त्वज्ञान शिकलेले हे गृहस्थ १९७० नंतरच्या काळात पुण्यास येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले, आणि २००४ मध्ये निवर्तले. हेमा राईरकर ह्या त्यांच्या सहकारी. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरात गरिबांची जी ‘गरीब डोंगरी संघटना’ उभी राहिली, तिच्या कामात असता ह्या दोघांस दिसून आले की सभेत तोंड न उघडणारी स्त्री जात्यावर बसली म्हणजे वाटेल ते बोलते. त्यांनी ओव्या गोळा करण्यास आरंभ केला तो पंडितांकडून नव्हे. संघटनेतील बायाच खोऱ्याखोऱ्यांतून हिंडल्या आणि त्यांनी आपल्यासारख्या बायांकडून ओव्या उतरून घेतल्या. मुळशीकडील ताराबाई उभे व कुसुम सोनवणे ह्या अशाच, स्वतः गाणाऱ्या आणि दुसऱ्यांचे गाणे जमविणाऱ्या. काम वाढत वाढत महाराष्ट्रभर गेले: लाखावर ओव्या, हजारावर गावे, तीन हजारांवर गायिका. पुढे बर्नार्ड बेल ह्या संगीतज्ञ व गणकयंत्रतज्ज्ञ फ्रेंच विद्वानाच्या साहाय्याने आवाजही ध्वनिमुद्रित झाले.

आम्हांस ह्या कामाचा गौरव संख्येसाठी वाटत नाही. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव, तिचे गाव, वाडी, तालुका आणि जात ह्यांची नोंद केलेली आहे, हे त्यातले खरे मोठेपण होय. शहराने डोंगरातून पूर्वी जे जे आणले, त्यास अशी चिठ्ठी बांधलेली नव्हती. सन २०१७ पासून ह्या ओव्या ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहातून संगणकावर कोणासही ऐकता येऊ लागल्या. त्यासाठी जुन्या गायिकांच्या दारी लोक पुनः गेले, तेव्हा कित्येकींच्या घरचे जाते केव्हाच अंगणात उपडे पडले होते. गावात विजेची चक्की आली त्याच दिवशी पहाटेचे गाणे अर्धे संपले. कंबर मोडणारे ते दळण सुटले ह्याचे त्या बायांस दुःख नाही, आणि शहरातील हळव्या रसिकांनीही ते त्यांच्या वतीने करू नये.

हाच प्रश्न वारली चित्रांच्या बाबतीत निराळ्या रीतीने सुटला. लग्नाचा चौक भिंतीवर काढणे हे मूळचे सवाशिणींचे काम. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, चित्र भिंतीवरून कागदावर आले, आणि मुंबईच्या चित्रदालनांत त्यास मान मिळाला. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचे नाव देशोदेशी झाले. २०११ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची योग्यता निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या आधी भिंती रंगविणाऱ्या स्त्रियांपैकी फार थोड्यांची नावे शहरास ठाऊक झाली. जे कागदावर नेता येते व भिंतीस टांगता येते, ते शहरास चटकन दिसते. आणि जो ते नेऊन पोहोचवितो त्याचे नाव होते.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात असे टांगण्याजोगे फार थोडे आहे. शहरातील उत्सवात धनगरांचे गजीनृत्य म्हणून ढोलाच्या तालावर रुमाल उडविणारी मंडळी दाखविली जातात. ती कला थोर आहे, पण ती प्रायः सांगली-सोलापूरकडील मेंढपाळांची. आमच्या ह्या डोंगरातील गवळी धनगर म्हशी पाळणारा, पठारावर एकाकी झाप बांधून राहणारा. त्यास धनगर म्हणून दुसऱ्याचा नाच चिकटविणे म्हणजे त्यास पाहिल्याचे समाधान मानून न पाहणे होय. महादेव कोळ्यांच्या बाबतीत स्थिती पुष्कळ बरी. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपद भूषविलेले गोविंद गारे हे स्वतः त्याच समाजातले, जुन्नरकडचे. त्यांनी आपल्या लोकांविषयी आपल्या लेखणीने लिहिले, आणि ते लिहिणे बाहेरच्याच्या लिहिण्याहून वेगळे पडले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे संग्रहालय शहरात आहे, आणि ते अवश्य पाहण्यासारखे आहे.

परंतु कातकऱ्यास काचेच्या कपाटात ठेवावयास त्याच्यापाशी वस्तू कोणती? खैराचा कात काढणे हा त्याचा मूळ धंदा, ज्यावरून त्यास नाव पडले. सरकारी जंगल झाले आणि तो धंदा गेला. त्यानंतर कोळशाच्या भट्ट्या, मग विटांच्या भट्ट्या. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. शहराच्या उंच इमारतींच्या विटांत त्यांचा हात आहे. त्यांस स्वतःची बोली आहे, गाणी आहेत, झाडाझुडपांचे व पाखरांचे ज्ञान आहे. हे सर्व तोंडात आहे आणि भट्टीवर मुलांच्या तोंडी ते उतरण्यास अवसर थोडा. अतिशय दुर्बल म्हणून शासनाने महाराष्ट्रात ज्या तीन जमाती वेगळ्या काढल्या, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासह कातकरी आहेत. ओव्यांच्या कामात जी रीत सापडली, की घरच्याच माणसाने विचारावे आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे, ती ह्या वस्त्यांत नेण्याची निकड सर्वांत अधिक आहे, असे आमचे मत आहे. आणि ते काम जात्याइतके सोपे जावयाचे नाही, कारण जाते एका जागी बसते व कातकऱ्यास बसू दिले जात नाही.

इकडे शहरात, धायरी, वारजे, सिंहगड रस्ता ह्या भागांत भोर-वेल्ह्याकडील कुटुंबे दोन पिढ्यांपासून राहिली आहेत. त्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे हळद दळावयास जाते लागते. गावाकडून ते आणवितात, नाहीतर शेजारून मागून घेतात. त्यास हळदकुंकू वाहतात, खुंट्यास सुपारी बांधतात, आणि सुना आपल्या मोबाइलवरचे गाणे बंद करून म्हातारीस पुढे बसवितात. घाणा भरताना पहिली ओवी तिनेच म्हणावयाची असते. दुसरी कोण म्हणणार, ह्यावर त्या वेळी बहुधा थोडी कुजबुज होते.