उमरावतीचा कापूस, लिव्हरपूलचा भाव

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ नावाचा कापूस विकला जाई. उमरा म्हणजे उमरावती, आजची अमरावती. ज्या हातांनी तो वेचला त्यांना लिव्हरपूल ठाऊक नव्हते आणि तिथल्या दलालाला ते हात. तरी दोघांत देवाणघेवाण चालू होती. निरोप कोण नेत होते आणि वाटेत त्याचे काय होत होते, हा कापूस-व्यापाराच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे.

सुरुवात बैलांपासून करावी लागते. वऱ्हाडचा कापूस पूर्वी लमाणांच्या तांड्यांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. पुढे तो मुंबईकडे वळला. माल आणि बातमी दोन्ही बैलाच्याच चालीने जात. शेतकरी, सावकार, अडत्या, दलाल, मुंबईची पेढी या साखळीत पैसा हुंडीने फिरे आणि भाव मोडीतल्या पत्रांतून कळे. ही पत्रे शेतकऱ्याच्या नावाने येत नसत.

त्याचा निरोप कापसातच असे. रुईत सरकी किती, माती किती, ओल किती, यावरून खरेदीदार गावाची पत ठरवी आणि उत्तर भावातून देई. भेसळीचा दोष मात्र शेतकरी, अडत्या आणि व्यापारी एकमेकांवर ढकलत. मुंबई सरकारने 1863 साली भेसळीविरुद्ध कायदा केला, तोही अमेरिकी यादवीमुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला असताना.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये सुएझ ते मुंबई समुद्री तार पडली, त्याच वर्षी खामगावला रेल्वेचा फाटा आला. विलायतेचा भाव मुंबईच्या पेढीवर महिन्याऐवजी तासांत कळू लागला. यामुळे शेतकरी आणि गिऱ्हाईक जवळ आले, असे मानण्याचा मोह होतो. माझे मत वेगळे आहे. तारेने व्यापारी व्यापाऱ्याच्या जवळ आला. बाजारात सौदा अजून रुमालाखाली बोटे दाबून होई आणि ज्याची गाडी उभी असे त्यालाच बोली कळत नसे. 1886 साली कारंज्यात नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. या घटना त्या रुमालाकडे पाहत वाचाव्यात.

नव्या अभ्यासकाला इथे भरपूर वाव आहे. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांचे अहवाल आणि 1870 चे वऱ्हाड गॅझेटियर सरकारची बाजू सांगतात. दुसरी बाजू अडत्यांच्या मोडी चोपड्यांत आहे. तिच्यासाठी मोडी शिकावी लागेल, बाजाराची मापे समजून घ्यावी लागतील. वाचकांना एकच विनंती: घराच्या माळ्यावर अशी एखादी चोपडी असेल, तर रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्या कुणाला तरी ती दाखवा.