एकतर्फी हुकूमनामा

मनुष्याचें कर्ज फिटतें, परंतु त्याच्या नांवावर एकदां लिहिला गेलेला निकाल सहजासहजीं फिटत नाहीं. कर्ज हा दोघांमधील व्यवहार होय. धनको व ऋणको यांनीं समोरासमोर बसून हिशेब समजून घेतला कीं तो मिटतो. निकालाची गोष्ट निराळी. अमक्यानें तमक्यास इतकें देणें आहे असें न्यायालयानें एकदां लिहिलें, म्हणजे तो मजकूर व्यवहारांतून उठून दप्तरांत जाऊन बसतो. आणि दप्तरास दया नसते, तसा विसरहि पडत नाहीं. हा निकाल जर ऋणकोचें म्हणणें न ऐकतांच झालेला असेल, तर त्यानें करावें तरी काय? हा प्रश्न आज शहरांतील पगारदार गृहस्थास पडतो. दीडशें वर्षांपूर्वीं तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कुणब्यास पडला होता. त्या कुणब्यानें त्याला एक उत्तर दिलें, आणि चार वर्षांनीं सरकारनें दुसरें दिलें. हीं दोन्ही उत्तरें आजहि पाहण्याजोगीं आहेत.

सावकारी ही कांहीं इंग्रजी अमलाबरोबर आलेली वस्तु नव्हे. पेशवाईंतहि कुणबी कर्ज काढीत असे आणि सावकार तगादा लावीत असे, प्रसंगीं दारांत धरणें धरून बसत असे. परंतु वसुलीकरितां सरकारचा हात त्याच्या पाठीशीं फारसा नसे. तंटा पंचायतीपुढें जाई आणि पंच हे शेजारपाजारचेच असल्यामुळें कर्ज कशासाठीं काढलें, धान्य किती घातलें, बैल कोणी नेला हें सर्व त्यांस ठाऊक असे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊं नये हा दामदुपटीचा जुना नियमहि लोकांच्या मनांत रुजलेला होता. पंचायतीचा न्याय नेहमींच निर्दोष असे असें म्हणण्याचा हेतु नाहीं. परंतु ऋणको गैरहजर असतां त्याच्या घरावर जप्ती यावी, हें त्या रीतींत सहसा घडत नसे.

हें चित्र बदललें तें मुख्यतः १८५९ सालच्या दोन कायद्यांनीं. एक दिवाणी कामकाजाचा आणि दुसरा मुदतीचा. मुदतीच्या कायद्याचा उद्देश चांगला होता. जुनीपुराणीं देणीं उकरून कोणी ऋणकोस छळूं नये म्हणून साध्या रोख्यास तीन वर्षांची मुदत घातली गेली. व्यवहारांत त्याचा परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली कीं सावकार नवा रोखा लिहून मागे आणि मागील व्याज नव्या रोख्यांत मुद्दल म्हणून लिहिलें जाई. तीन तीन वर्षांनीं असें होत गेल्यावर मूळ घेतलेली रक्कम कोणती आणि चढलेली कोणती, हें निरक्षर शेतकऱ्यास सांगतां येणें अशक्य झालें. आणि न्यायालय तर रोखाच पाहणारें! खालीं अंगठा किंवा नांगराची निशाणी आहे कीं नाहीं, एवढाच त्याच्यापुढें प्रश्न.

तोहि प्रश्न बहुधा प्रतिवादीस विचारला जात नसे, कारण प्रतिवादी तेथें नसेच. कोर्ट लांब; जाण्यायेण्यांत पेरणीचे दिवस मोडत; वकिलाचा खर्च निराळा. कधीं समन्स घरापर्यंत पोहोंचतच नसे, तर कधीं पोहोंचलें तरी त्यावरील मजकूर वाचून दाखविणारा मनुष्य म्हणजे तो सावकारच असे. शिवाय तक्रार केली तर पुढच्या वर्षीं बियाणें कोण देणार, ही धास्ती होतीच. म्हणून हुकूमनामे एकामागून एक एकतर्फी होत गेले. हातीं आलेला हुकूमनामा सावकार लगेच बजावीत असे असेंहि नाहीं. तो पेटींत ठेवून त्याच्या भयानें नवा रोखा, फुकट मजुरी, नाहींतर जमीन लिहून घेण्याचा मार्ग त्यास अधिक सोयीचा वाटे.

यांत आणखी एक खोंच होती, आणि ती वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. हुकूमनाम्यापोटीं जी रक्कम द्यावयाची ती कोर्टामार्फत दिली पाहिजे किंवा दिल्याचें कोर्टास कळविलें पाहिजे, एरवीं ती जमा धरतां येणार नाहीं, असा १८५९ च्या दिवाणी कायद्याचा दंडक होता. शेतकरी मात्र पूर्वापार रीतीनें धान्य किंवा रोकड सावकाराच्या दुकानीं पोंचवून मोकळा होई. घरीं कर्ज फिटलें, पण दप्तरीं हुकूमनामा जशाचा तसा राहिला! त्याच हुकूमनाम्यावर पुनः जप्ती आली, तर दिलेल्या पैशांची साक्ष ऐकावयास कोर्ट बांधलेलें नव्हतें.

अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले, तोंपर्यंत हें सर्व झांकून गेलें. पत वाढली आणि कर्जेंहि वाढलीं. युद्ध संपतांच भाव उतरले, आणि त्याच सुमारास, १८६७ पासून, फेरपाहणींत सरकारी सारा वाढविला गेला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं एका मारवाडी सावकारानें कोर्टाचा हुकूमनामा बजावून एका देशमुखाचें घर पाडावयास घेतलें. देशमुख मातबर घराण्यांतला. त्याची ही दशा झालेली पाहून गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला, आणि पुढें १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं उद्रेक झाला.

हा दंगा ज्या रीतीनें झाला ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. लोकांनीं सावकारांचीं घरें-दुकानें फोडलीं व मालहि नेला. परंतु त्यांचा मुख्य रोख होता तो वह्या, रोखे व हुकूमनामे यांवर. सावकारानें कागद बिनतक्रार बाहेर काढून दिले, तेथें पुष्कळदां दुसरा उपद्रव झाला नाहीं. कागद चव्हाट्यावर आणून त्यांची होळी करण्यांत आली. थोड्याच दिवसांत हें लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें या भागांत पसरलें. सुमारें ९५० लोक पकडले गेले व ५०० च्या वर लोकांस शिक्षा झाल्या.

कुणब्याचें उत्तर तें हेंच. त्यामागील दुःख खरें होतें, आणि कागदाचें मर्म त्यानें ओळखलें होतें हेंहि खरें. पण त्याच्या हातीं लागला तो बहुशः सावकाराच्या पेटींतला कागद. हुकूमनाम्याचें मूळ कोर्टाच्या दप्तरांत सुरक्षित होतें आणि त्याची दुसरी नक्कल मागतां येत होती. होळींत रोखा जळाला. निकाल जळाला नाहीं.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि त्याच्या अहवालावरून बराच खल होऊन १८७९ सालचा १७ वा कायदा झाला. 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' या लांबलचक नांवाचा हा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत प्रथम लागू झाला. त्यांतील खरें नावीन्य न्यायाधीशावर टाकलेल्या कर्तव्यांत आहे. शेतकरी प्रतिवादी असेल तर त्याची जबानी घेतली पाहिजे. ती न घेण्याचें कारण असेल तर तें लिहून ठेविलें पाहिजे. देण्याच्या रकमेविषयीं वाद असेल, तर रोख्यावर न थांबतां व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासला पाहिजे, आणि त्यांत कपट, चूक किंवा दडपण आहे काय हें पाहून मग हिशेब मांडला पाहिजे. मुद्दल व व्याज निरनिराळें धरावयाचें आणि व्याजावर व्याज द्यावयाचें नाहीं. एवढेंच नव्हे, तर प्रतिवादीनें रक्कम कबूल केली तरी ती कबुली खरी आहे व आपले हक्क समजून दिलेली आहे अशी न्यायाधीशाची खात्री व्हावी लागे. हें कलम लिहिणाऱ्यास शेतकऱ्याच्या मौनाचा अर्थ कळला होता, असेंच म्हटलें पाहिजे.

यांशिवाय देण्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकणें बंद झालें; गहाण न दिलेली जमीन जप्तींतून वगळली गेली; हप्ते बांधून देण्याचा अधिकार कोर्टास मिळाला; दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावा, दिलेल्या रकमेची पावती आणि सालोसाल हिशेब मिळावा, असेंहि ठरलें. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याखालीं अनेक वर्षें काम केलें, व त्यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती केली.

तथापि या कायद्यानें सर्व दुःख निवारलें असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जोतीराव फुले यांनीं सावकारांइतकाच कोर्टकचेऱ्यांतील कामगारवर्गावर आसूड ओढला, तो उगीच नव्हे. सावकारांनींहि वाट शोधली; गहाणखताऐवजीं ते उघड खरेदीखतच मागूं लागले, आणि या युक्तीस आळा घालण्यासाठीं पुढें कायदा दुरुस्त करावा लागला. कर्ज मिळणें कांहीं ठिकाणीं कठीण झालें हेंहि नाकारतां येत नाहीं. सावकाराचीहि एक बाजू होतीच. साऱ्याच्या हप्त्यास दुसरें कोणी पैसे देत नसतां तोच देत होता.

आतां आजच्या काळाकडे वळूं. दप्तरांतील निकाल केवळ कोर्टापुरता न राहतां मनुष्याच्या पतीची जाहीर खूण कसा बनतो, याचें ठळक उदाहरण इंग्लंडांत दिसतें. तेथील काउंटी कोर्टांच्या निकालांची नोंदवही १८५२ पासून आहे. रक्कम महिन्याच्या आंत भरली तर नोंद निघते. एरवीं, पुढें रक्कम फिटली तरी ती सहा वर्षें राहते. घर बदलल्यामुळें दाव्याची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि एकतर्फी निकाल झाला, तर मनुष्यास तो बहुधा नवें कर्ज नाकारलें गेल्यावरच कळतो. मग कोर्टाकडून निकाल रद्द करून घेणें हाच उपाय. निकाल रद्द झाला कीं नोंदहि निघते.

आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंतील नवव्या आदेशाचा तेरावा नियम हें दार उघडतो. समन्स रीतसर बजावलें गेलें नाहीं किंवा सबळ कारणामुळें हजर राहतां आलें नाहीं असें दाखविलें, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो. त्यासाठीं मुदत तीस दिवसांची. समन्सच बजावलें गेलें नसेल तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून ती मोजावयाची. कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टांत नोंदविली पाहिजे, हा जुना दंडक आजहि कायम आहे. सुशिक्षित मंडळींचें नुकसान बहुधा येथेंच होतें. पतसंस्थांच्या व बँकांच्या माहितीवरून पतीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांसाठीं २००५ सालीं निराळा कायदा झाला. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची मागणी ऋणकोस करतां येते व तीस दिवसांत तिची दखल घ्यावी लागते; त्यापुढें विलंब झाल्यास दर दिवसास शंभर रुपये भरपाई द्यावी, असें रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं ठरविलें. मात्र हुकूमनामा रद्द झाला म्हणजे पतीची नोंद आपोआप पुसली जाईल असें समजून स्वस्थ बसूं नये. निकालाची प्रमाणित नक्कल घेऊन लेखी मागणी करावी आणि पुढें नोंद पुनः पाहावी.

परंतु हे सर्व उपाय दार ठोठावणाऱ्यासाठीं आहेत. ज्यास आपल्याविरुद्ध निकाल झाल्याचेंच ठाऊक नाहीं, किंवा तीस दिवस म्हणजे काय हें ज्यास कोणी सांगितलें नाहीं, त्याच्या वाट्यास ते येत नाहींत. १८७९ च्या कायद्याचें मोठेपण येथें कळून येतें. मूक मनुष्यास बोलतें करण्याचें ओझें त्यानें न्यायासनावर घातलें होतें, आणि कागदाच्या मागें जाऊन पाहण्याचें काम न्यायाधीशाचें ठरविलें होतें. आज नोंदी कोट्यवधि झाल्या आहेत व क्षणांत दूरवर पोहोंचतात. त्या ठेवणारांवर मात्र तें ओझें पूर्वींइतकें नाहीं. ज्याच्या नांवावर डाग पडला त्यानेंच तो शोधावा आणि त्यानेंच तो धुवावा, अशी आजची रीत आहे. ती न्याय्य आहे काय, याचा विचार कायदेपंडितांनींच नव्हे, तर प्रत्येक कुटुंबानें करावा असें वाटतें.