घरच्या कॅसेटी आणि रिद्धपूरच्या पोथ्या

तीन तासांची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवायला पूर्ण तीन तास लागतात. अख्खा सिनेमा दोन मिनिटांत कॉपी करणाऱ्या आपल्या पिढीला हे विचित्र वाटतं. पण टेप म्हणजे फाइल नव्हे. अर्धा इंच रुंद, अडीचशे मीटरहून लांब अशी ती प्लास्टिकची पट्टी, आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप. व्हीसीआरमधला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेत तो लेप वाचतो. जेवढा वेळ लग्न बघायला, तेवढाच ते उतरवायला.

व्हीएचएस जपानमध्ये १९७६ साली बाजारात आलं. भारतात १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला आणि त्यापाठोपाठ घरोघरी नाही, तरी गल्लोगल्ली व्हिडिओ पोचला. अमरावती-अकोल्याकडच्या लग्नांत फोटोग्राफरच्या जोडीला ‘शूटिंगवाला’ दिसू लागला. मे महिन्यातलं ऊन, पारा पंचेचाळिसाकडे, त्यात वर मोठा लाइट धरलेला एक पोरगा आणि त्याच्यामागे वायर सांभाळणारा दुसरा. त्या कॅसेटींत नवरा-नवरी आहेतच. पण मागे मातीच्या भिंती आहेत, पंगतीत वाढणारे हात आहेत, वऱ्हाडीत चाललेली भांडणं आहेत. या माणसांबद्दल कुठल्या वर्तमानपत्रात कधी ओळ छापून आली नाही. त्यांची हलती-बोलती नोंद एवढीच.

माझ्या आत्याचं लग्न १९९३ साली अकोल्यात झालं. पुढे कॅसेटची व्हीसीडी करून घेतली, तेव्हा मोठी आई म्हणाली, “सीडी झाली ना आता, थे क्यासेट कायले ठेवता घरात?” कॅसेट गेली. घरोघरी हेच झालं, आणि त्यात काय गेलं हे समजायला थोडं गणित लागतं.

आपल्याकडच्या पद्धतीत टेपवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. व्हीसीडीत २५ चित्रं मावतात, आणि तीही ३५२ बाय २८८ ठिपक्यांची. म्हणजे नाचणाऱ्या माणसाची निम्मी हालचाल तिथेच गळाली. एका सीडीत ७४ मिनिटं बसत, म्हणून तीन तासांच्या लग्नाच्या तीन सीड्या झाल्या. त्यातली एक अडकली की सीमांतपूजन आहे, वरात आहे, मधलं लग्नच नाही. नंतर डीव्हीडी आली. तिच्यात ४.७ जीबी जागा आणि ७२० बाय ५७६चं चित्र. पण कॅसेट टाकून दिलेली असल्यानं अनेकांनी व्हीसीडीवरूनच डीव्हीडी केली आणि डीव्हीडीवरून पेनड्राइव्हसाठी एमपी४. भांडं मोठं झालं म्हणून सांडलेलं दूध परत येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच गेलेली असे. स्टुडिओत ‘मिक्सिंग’ करताना मूळ आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी टाकायची पद्धत होती. आमच्या व्हीसीडीत आजी उखाणा घेते. तिचे ओठ हलतात आणि ऐकू येतं ते त्या वर्षीचं हिट गाणं. म्हणून ज्यांच्या घरी मिक्सिंगच्या आधीची ‘रॉ’ कॅसेट उरली आहे, त्यांनी ती सगळ्यात आधी उतरवावी. बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. पट्टी तुटते आणि मशीनही खराब होतं.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ तयार झालं. परंपरा सांगते, की खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यामुळे त्याचे वेगवेगळे पाठ झाले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. पोथ्या शाबूत होत्या, पण किल्ली माहीत नसलेल्यांसाठी त्या विसाव्या शतकापर्यंत बंद राहिल्या. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे.

आपल्या कॅसेटींची गोष्ट याहून फार वेगळी नाही. पोथी आहे, वाचणारं यंत्र नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ साली उत्पादन थांबवलं. कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणारी आपली मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. नव्या लॅपटॉपला तर डिस्क घालायची फटच नसते.

डिस्कबद्दल एक गैरसमज आहे. दुकानातून आणलेली सिनेमाची सीडी अजून चालते, मग लग्नाची का नाही? सिनेमाची सीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. आपली सीडी ‘बर्न’ केलेली असते, म्हणजे रंगद्रव्याच्या पातळ थरावर लेसरनं खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता त्या रंगाला मारक, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीतलं कपाट म्हणजे भट्टीच. पेनड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं न वापरता ठेवला तर तो भार झिरपतो. हार्ड डिस्क एकदा पडली की संपलं.

मग ठेवायचं कशात? खरं उत्तर असं, की कशातच कायमचं नाही. लीळाचरित्र उरलं ते कागद टिकाऊ होता म्हणून नाही, तर ते एकाहून जास्त जणांकडे होतं म्हणून. फरक एवढाच, की हातानं नक्कल करणाऱ्याच्या चुका पुढच्या पोथीत जात. फाइलची नक्कल मात्र तंतोतंत होते. एसएचए-२५६सारखा हॅश काढून दोन प्रती जुळवल्या, की एक बिटही बदललेला नाही याची खात्री होते. नुकसान कॉपी करताना होत नाही, फाइल पुन्हा आकसताना होतं. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेलं लग्न ही प्रत नव्हे.

म्हणून कॅसेटवरून उतरवलेली मोठी फाइल आहे तशी ठेवायची. टीव्हीवर बघायला तिची छोटी एमपी४ वेगळी करायची. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं. मोठ्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत: एक अमरावतीला, एक पुण्याला भावाकडे. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही एकदा लावून बघायच्या आणि पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर हलवायच्या.

एक काम मात्र कुठलंच सॉफ्टवेअर करणार नाही. फाइलला ‘कॅप्चर ००१’ असं नाव ठेवून भागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते लग्न लावून द्यायचं, शेजारी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि विचारत जायचं: ही कोण, हा कोणाचा पोरगा, हे घर कोणत्या गावचं? ते सगळं गाव-सालासकट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून व्हिडिओजवळच ठेवायचं. म्हाइंभटांनीही असंच केलं होतं, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारलं. टेप उतरवायला तीन तास लागतात, नावं लिहायला कदाचित तीन रविवार लागतील. सुरुवात नावांपासून केली तरी चालेल.