गर्भाशयमुखाचे कर्कपूर्व बदल : शस्त्रोपचार

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा योनीत उघडणारा निमुळता भाग. बोलीत त्याला पिशवीचे तोंड म्हणतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकला, तर या भागाच्या अस्तरातील पेशी विकृत होऊ लागतात, आणि त्या अस्तराचे तळपटल ओलांडून खोल शिरत नाहीत तोवर त्या विकृतीला कर्करोग न म्हणता कर्कपूर्व बदल म्हणतात. पहिल्या श्रेणीचे बदल बहुधा आपोआप मावळतात. तिसऱ्या श्रेणीचे तसेच सोडले, तर सुमारे ३० टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कर्करोग होतो, असे न्यूझीलंडमधील निरीक्षणांत आढळले.

उपचाराचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात विकृत पेशी जागीच नष्ट करतात : क्रायोथेरपीत थंड वायूने गोठवून, तर औष्णिक उपचारात तापवलेल्या सळईच्या टोकाने. यांना भूलतज्ज्ञ लागत नाही. मात्र संपूर्ण विकृत भाग डोळ्यांना दिसत असला पाहिजे आणि कर्करोगाची शंका नसली पाहिजे, कारण तपासण्यासाठी ऊतकाचा तुकडा हाती उरत नाही. दुसऱ्या मार्गात तो भाग कापून काढतात. ‘लीप’ पद्धतीत जागेवरच बधिरीकरण करून विद्युत्प्रवाह सोडलेल्या तारेच्या फासाने पातळ काप घेतात, तर शंकूच्छेदनात पूर्ण किंवा कमरेखालील भूल देऊन सुरीने शंकूच्या आकाराचा तुकडा काढतात. काप जितका खोल, तितका पुढील गरोदरपणी अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. तेलंगणातील आदिलाबादपासून आत, डोंगराळ मुलखातील इंद्रवेल्लीसारख्या ठिकाणी पहिल्या मार्गाचे मोल अधिक, कारण तो तपासणीच्याच फेरीत उरकता येतो, आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या की उपचार अर्धवट सुटतात.

मराठी मुलखात या उपचारांची मोठी कसोटी उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात लागली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या, आणि दोष आढळलेल्यांवर क्रायोथेरपी, लीप किंवा शंकूच्छेदन करण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणुचाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ मृत्यू झाले. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते निराधार नव्हते.

या उपचारांत पिशवी शाबूत राहते, हे ठासून सांगणे भाग आहे. कारण शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या, की २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कर्कपूर्व बदलांवर पहिला उपचार म्हणून गर्भाशय काढणे योग्य ठरत नाही. उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो, आणि वर्षभराने गर्भाशयमुखाची पुन्हा तपासणी करावी लागते.