विश्लेषण : फ्लूची लस घेण्यात डॉक्टर-नर्सच मागे का राहतात?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यांबाहेर ताप-खोकल्याच्या रुग्णांची रांग लागते. या रुग्णांना सर्वात जवळून भेटतात ते डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि आया. त्यामुळे फ्लूची लस घेण्यात त्यांना प्राधान्य द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि भारताचे आरोग्य मंत्रालय दोघेही करतात. तरीही यातले अनेक जण लस घेत नाहीत. असे का होते?

त्यांनाच आधी लस कशासाठी?

एक म्हणजे त्यांचा स्वतःचा धोका. दुसरे कारण रुग्णांचे. फ्लू झालेली व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवू शकते. म्हणजे ठणठणीत दिसणारी नर्सही नकळत कर्करोगाच्या रुग्णाला, गरोदर बाईला किंवा नवजात बाळाला संसर्ग देऊ शकते. सहा महिन्यांखालील बाळांना तर ही लस देताच येत नाही. त्यांचे संरक्षण आजूबाजूच्या मोठ्यांवरच अवलंबून असते.

भारतात काय घडले?

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. त्यानंतर २०१० मध्ये केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी परदेशातून सुमारे १५ लाख डोस आणले. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लसही बाजारात आणली. पण तोवर भीतीची लाट ओसरली होती. कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद थंड राहिला आणि आयात केलेल्या साठ्यातला मोठा भाग वापराविना राहिला.

लस टाळण्याची कारणे कोणती?

• ‘लसीनेच फ्लू होतो’ हा समज : इंजेक्शनच्या लसीतला विषाणू निष्क्रिय केलेला असतो. त्यामुळे हात दुखणे, अंग कसकसणे किंवा एखाद दिवस ताप येऊ शकतो, पण फ्लू होत नाही.

• ‘लस घेऊनही आजारी पडलोच’ हा अनुभव : यात तथ्य आहे. लसीतला विषाणू आणि साथीतला विषाणू चांगला जुळला, तरी संरक्षण साधारण ४० ते ६० टक्केच मिळते. गंभीर आजाराचा धोका मात्र कमी होतो.

• दरवर्षीचा व्याप : विषाणू सतत बदलतो, म्हणून लसही बदलते. एकदा घेऊन सुटका नाही.

• खर्च आणि वेळ : फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. रुग्णालयाने सोय केली नाही तर खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. कंत्राटी सफाई कामगाराला तो सहज परवडत नाही.

सक्ती केली तर?

अमेरिकेतील सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांना लस सक्तीची केली. आधी निम्म्याच्या थोडे वर असलेले प्रमाण पहिल्याच हंगामात ९७ टक्क्यांच्या पुढे गेले. मात्र परिचारिकांची संघटना न्यायालयात गेली. शेवटी त्या परिचारिकांना सक्तीतून सूट मिळाली, पण लस न घेणाऱ्यांना फ्लूच्या हंगामात मास्क बंधनकारक झाला.

रुग्णांना खरेच फायदा होतो का?

या प्रश्नावर तज्ज्ञांचे एकमत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील अभ्यासात २० रुग्णालये होती. जिथे निम्म्या कर्मचाऱ्यांनी लस घेतली, तिथे वृद्ध रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण १३.६ टक्के होते. जिथे जेमतेम ५ टक्के कर्मचाऱ्यांनी घेतली, तिथे ते २२.४ टक्के होते. पण एवढा मोठा फरक एकट्या लसीमुळे पडला असेल का, अशी शंका नंतरच्या समीक्षकांनी घेतली. कर्मचाऱ्याला स्वतःला मिळणाऱ्या संरक्षणाचा पुरावा त्या मानाने भक्कम आहे.

मग उपाय काय?

मोफत लस आणि ड्यूटीच्या जागीच, रात्रपाळीतही ती मिळण्याची सोय, हा सक्तीआधीचा सोपा मार्ग. वेळही महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच लस घेतलेली बरी. आणि रुग्णालयाच्या यादीत डॉक्टरांइतकेच वॉर्डातल्या मावशी-मामांचेही नाव हवे. रुग्णाची गादी बदलणारे हात त्यांचेच असतात.