उंच काठ्यांवर उभं राहून मोजे विणणारे मेंढपाळ खरंच होते का?

सोशल मीडियावर एक जुना कृष्णधवल फोटो अधूनमधून फिरत असतो. मोकळं माळरान, मेंढ्यांचा कळप आणि त्यांच्यामध्ये पायाला लांबलचक काठ्या बांधून उभा असलेला माणूस. पाठीमागे तिसरी काठी टेकवलेली, अंगावर मेंढीचं कातडं आणि हातात चक्क विणकामाच्या सुया! खाली कमेंट ठरलेली असते : 'हे सर्कशीतलं आहे' किंवा 'एडिट केलंय'.

तसं काहीही नाही. हे मेंढपाळ खरे होते. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो आणि बायोन या शहरांच्या मधल्या पट्ट्यात ते राहत. या भागाचं नाव लांद.

आज लांद म्हटलं की पाइनचं घनदाट जंगल समोर येतं. दोनशे वर्षांपूर्वी मात्र तिथे नजर जाईल तिथवर सपाट, वाळूची, खुरट्या झुडपांची जमीन होती. वाळूच्या खाली 'आलियोस' नावाचा दगडासारखा टणक थर असतो. त्यातून पाणी झिरपत नाही आणि सपाटीमुळे वाहूनही जात नाही. त्यामुळे हिवाळ्यात सगळा माळ पाण्याखाली. वर काटेरी झुडपं. अशा जमिनीवर दिवसभर कळपामागे हिंडायचं तर पाय कोरडे राहायला हवेत आणि लांब गेलेली मेंढी दिसायला हवी. उंच काठ्यांनी ही दोन्ही कामं केली.

काठी साधारण पाच फुटांची. मध्ये पाय ठेवायला लाकडाचा टेकू आणि वर पट्ट्याने पोटरीला बांधलेली. जमिनीला टेकणारं टोक झिजू नये म्हणून कधीकधी त्याला मेंढीचं हाड बसवत. चढायचं कसं? खिडकीच्या कठड्यावर किंवा छपराच्या कडेला बसून काठ्या बांधायच्या आणि उभं राहायचं. सवय झालेला माणूस त्यावर चांगलाच पळायचा. १८०८ मध्ये सम्राज्ञी जोसेफिन नेपोलियनला भेटायला बायोनला गेली, तेव्हा तिच्या स्वागताला असे तरुण पाठवले होते. घोडे दौडत असतानाही ते बग्गीच्या बरोबरीने चालले, असं सांगतात.

आता विणकामाकडे येऊ. मेंढ्या चरताना मेंढपाळाला बरंच काही करायचं नसतं, पण जागा सोडूनही चालत नाही. डोळे आणि कान कामात, हात रिकामे. हा वेळ विणकामाला अगदी योग्य. माग डोक्यावर घेऊन फिरता येत नाही, पण सुया आणि लोकरीचा गुंडा पिशवीत मावतो. पाऊस आला की आत टाकला, थांबला की पुन्हा काढला. त्यातही मोजा म्हणजे गोल गोल फिरणारं काम. एकदा टाके घातले की हाताला आपोआप जमतं, नजर कळपावर ठेवता येते. तिसरी काठी पाठीला टेकवली की माणूस तिवईसारखा स्थिर उभा राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. 'बायकांचं काम' वगैरे विचार तिथे कुणाच्या मनात आला नसावा. थंडीत पोटऱ्या उघड्या ठेवणं परवडणारं नव्हतं. कुणी विणायचं, कुणी चालता चालता सूत कातायचं.

हे दुसरं चित्र महाराष्ट्राला अनोळखी नाही. मेंढरांमागे चालताना टकळीवर लोकर कातणारे धनगर माणदेशात आजही आठवतात. फरक इतकाच की इथल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचं सूत मागावर जातं आणि सणगरांच्या हातून घोंगडी होते. सुयांवरचे मोजे नाही.

आणखी एक साम्य आहे. लांदमध्ये मेंढ्या पाळायच्या त्या प्रामुख्याने लेंडीखतासाठी. निकस वाळूत राय हे धान्य पिकायचं ते त्या खतावरच. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवतात, त्याच हिशेबातली ही गोष्ट. सोबतीला छोटा, केसाळ, चपळ कुत्रा असायचा. त्याला तिथे 'लाब्री' म्हणतात. याच भागातल्या गावाचं हे नाव. काठीवरच्या माणसाला झटकन खाली उतरता येत नाही. भरकटलेली मेंढी वळवायला धावायचं ते कुत्र्यानेच.

मग हे सगळं गेलं कुठे? १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात कायदा आला. गावांनी आपली गायरानं चर खणून कोरडी करावीत आणि तिथे झाडं लावावीत, असा आदेश निघाला. सामाईक जमिनी खासगी मालकांकडे गेल्या, पाइनच्या रांगा उभ्या राहिल्या, राळेचा धंदा भरभराटला. ज्यांच्याकडे जमीन होती ते श्रीमंत झाले. मेंढपाळाकडे फक्त चराईचा हक्क होता, तो संपला. नव्या लागवडीला आगी लागल्या, तेव्हा संशय मेंढपाळांवर गेला. बरेच जण पुढे त्याच झाडांना खाचा पाडून राळ गोळा करण्याच्या मजुरीवर लागले.

म्हणूनच ते फोटो थोडं सावध राहून पाहावेत. कॅमेरा गावात पोचला तेव्हा माळरान संपत आलं होतं. फेलिक्स आर्नोदाँ (१८४४-१९२१) या माणसाने लांदची गाणी, गोष्टी, चेहरे हयातभर गोळा केले. गावकरी त्याला 'लू पेक' म्हणजे खुळा म्हणायचे. जुना लांद दाखवण्यासाठी तो माणसांना मुद्दाम उभं करूनही फोटो काढायचा. पुढे पोस्टकार्डवाल्यांनी तेच पर्यटकांसाठी केलं. १८९१ मध्ये सिल्व्हँ दोर्नों हा गडी काठ्यांवरून पॅरिस ते मॉस्को ५८ दिवसांत चालत गेला. तोवर काठ्या कामापेक्षा कौतुकाची वस्तू होऊ लागल्या होत्या.

आता हे जंगल सुमारे दहा लाख हेक्टरवर आहे. ऑगस्ट १९४९ च्या वणव्यात तिथे ८२ जण गेले, २०२२ च्या उन्हाळ्यातही मोठे वणवे पेटले. साब्र गावाजवळ मार्केझ इथे जुनी वस्ती जपलेलं खुलं संग्रहालय आहे. तिथे छोट्या रेल्वेने जातात. एकेकाळी जवळपास संपलेल्या लांदेज जातीच्या मेंढ्या तिथे अजूनही चरताना दिसतात.